नाताळचे ताट आणि जुनी भाकर

नाताळ दोन आठवड्यांवर आला म्हणजे पुणे शहरातील आमच्या मंडळ्यांच्या घरांतून तळणाचा वास दरवळू लागतो. नाना पेठ, रास्ता पेठ, गुरुवार पेठ, कॅम्प, खडकी, कोठेही जा. करंज्यांचे सारण परतले जात असते, चकलीचा सोऱ्या शेजारणीकडून परत मागविला जात असतो, आणि केकसाठी मनुका व काजू चिरून ठेविलेले असतात. पंचवीस तारखेच्या सकाळी उपासना आटोपली की शेजारीपाजारी फराळाची ताटे पोहोचवावयाची आणि दुपारी बिर्याणी अथवा मटणाचा रस्सा घेऊन सर्व कुटुंबाने एकत्र बसावयाचे, हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की, तो प्रेषितांच्या काळापासून चालत आला असावा असे आमच्या मुलाबाळांस वाटते. वास्तविक ह्या ताटातील एकेक पदार्थ निरनिराळ्या वाटेने व निरनिराळ्या काळी आमच्याकडे आला आहे; आणि ज्या नावाने आपण हा सण ओळखितो ते 'नाताळ' हे नावदेखील पोर्तुगीजांचे आहे.

ह्या ताटाविषयी दरवर्षी आम्हांस प्रश्न येतात. खेड्यातील एखादे वडीलधारे बंधू विचारितात की, करंजी तर दिवाळीची, मग ती प्रभूच्या जन्मदिनी करणे योग्य काय? शहरातील एखाद्या भगिनीची शंका उलट असते: केक हा साहेबांचा, तो आपल्या मराठी घरात कशास? ह्या दोन प्रश्नांत आम्ही आज फार वेळ घालविणार नाही. करंजीत गूळखोबरे असते, देव नसतो. गोव्यातील ख्रिस्ती घरांतून तीच 'नेवरी' ह्या नावाने नाताळास केली जाते आणि कोणाच्या विश्वासास तिने बाध आल्याचे ऐकिवात नाही. बाजारात विकत मिळणाऱ्या मांसाविषयी पौलाने करिंथच्या मंडळीस जे सांगितले (१ करिंथ १०) ते करंजीसही लागू आहे. राहिला केक. जो मनुष्य केकला परका म्हणतो त्याने आपल्या रोजच्या ताटाकडे एकवार पाहावे. पाव हा शब्दच पोर्तुगीज. मिरची व बटाटा अमेरिका खंडातून समुद्रमार्गाने आले; भुईमूग मूळचा तिकडचाच; आणि आपल्या बाजारातील साबुदाणा ज्या कंदापासून करितात तो कंदही तिकडचाच. तेव्हा एकादशीस अत्यंत सोवळ्यात शिजणाऱ्या साबुदाण्याच्या खिचडीतील साबुदाणा, बटाटा, दाणे आणि मिरची हे चारही जिन्नस परदेशस्थ आहेत! अन्न कोठून आले ह्यावरून त्याची जात ठरवू गेल्यास कोणाचेच ताट शुद्ध राहावयाचे नाही.

परंतु गेल्या वर्षी एका भगिनीने आम्हांस जो प्रश्न विचारिला तो ह्या जातीचा नव्हता, आणि त्याचे उत्तर देताना आमची चूकही झाली. म्हणून तो येथे सविस्तर मांडितो.

ह्या भगिनीचे सासर पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील एका खेड्यातले. कुटुंब तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. गेली पन्नास वर्षे वस्ती पुण्यास. सासूबाई पंच्याऐंशी वर्षांच्या आहेत. घरातील मुलगी महाविद्यालयात शिकते. तिच्या वाचनात श्री. शाहू पाटोळे ह्यांचा 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हा २०१५ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ आला. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या घरी काय शिजत असे, का शिजत असे, आणि पाकशास्त्राच्या पुस्तकांत त्याचा उल्लेखही का नसतो, हे त्यात लिहिले आहे. मुलीच्या मनात आले की, आपल्या नाताळच्या ताटात गोव्याचे आहे, इंग्रजांचे आहे, मोगलांचे आहे. आपल्या पणजीच्या चुलीवरचे मात्र काहीच नाही. तिने एका दूरच्या आत्याकडून माहिती काढिली. पूर्वी गावकीच्या कामाबद्दल घरोघर फिरून भाकरी मागून आणीत. उरलेले तुकडे उन्हात वाळवून ठेवीत आणि अडचणीच्या दिवसांत ते पाण्यात शिजवून, मीठमिरची लावून खात. मुलीने शिळ्या भाकरीचे तुकडे दोन दिवस गच्चीवर वाळविले, सांगितल्याप्रमाणे शिजविले, आणि नाताळच्या दुपारी काचेच्या सुंदर भांड्यात घालून, वर कोथिंबीर पेरून, आजीसमोर ठेविले.

आजींनी विचारिले, "हे काय गं?" मुलीने मोठ्या उत्साहाने सांगितले. ते ऐकून आजींनी हात आवरिला, त्या उठल्या आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसल्या. बिर्याणी तशीच थंड झाली. मुलगी रडू लागली. "मी तर आजीचा मान करीत होते," एवढेच ती म्हणे. मुलीची आई आम्हांस विचारीत होती की, ह्यात चुकले कोण?

आमचे पहिले उत्तर असे होते की, मुलीचे काहीएक चुकले नाही. आम्ही असे म्हटले की, लाज वाटावयाची असेल तर ती भाकर टाकणाऱ्यास वाटावी, खाणाऱ्यास का? लपविल्याने लाज जात नाही. ती पुढच्या पिढीकडे नाव नसलेल्या वारशासारखी जाते. आम्ही वल्हांडणाचा दाखला दिला. देवाने इस्राएल लोकांस मिसरातून सोडविले तेव्हा सुटकेच्या भोजनात कोकराच्या मांसाबरोबर कडू भाजीही खावयास लाविली (निर्गम १२). सणाच्या ताटात गोडच असावे असा शास्त्राचा दंडक नाही. कडूही असावे, म्हणजे मुलांस कळेल. हे आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. भगिनी ऐकून गेल्या. त्यांचे समाधान झाल्याचे त्यांच्या मुद्रेवरून दिसले नाही.

जानेवारीत आम्ही त्या घरी गेलो असता आजी दारातच खुर्ची टाकून उन्हात बसल्या होत्या. आम्ही विषय काढिला नाही; त्यांनीच काढिला. आपण सहासात वर्षांच्या असताना आईबरोबर पाटी घेऊन फिरत होतो, असे त्या म्हणाल्या. दूर उभे राहून हाक मारावयाची. मग कोणी वरून भाकर टाकी, कोणी उद्या ये म्हणे. पुढे एका वर्षी वडिलांनी गावकीचे काम सोडिले. त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या रात्री आईने ती पाटी मोडून चुलीत घातली आणि तिच्या जाळावर मजुरीच्या बाजरीची भाकर भाजिली. "त्या नाताळी आमच्या घरी ताजी भाकर झाली. आमचा सण तो. पोरीनं त्याच्या आधलं उकरून काढलं," असे आजी म्हणाल्या, आणि मग बराच वेळ बोलल्या नाहीत.

आम्ही घरी परत येताना आमचेच उत्तर मनाशी तपासू लागलो.

आपण परंपरा म्हणतो तेव्हा सामान्यतः वाडवडील जे करीत होते ते, असा अर्थ घेतो. परंतु वाडवडील जे करीत होते त्यात त्यांनी आपखुशीने केलेले किती आणि त्यांच्यावर लादलेले किती? मुलगी ज्यास परंपरा समजली तो लादलेला भाग होता. आजींच्या आईने केलेली परंपरा निराळी होती. ती पाटी मोडण्याची होती. आणि ती एकट्या त्या घरची नव्हती. १९२७ साली महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांस मृत जनावरांचे मांस व टाकलेले शिळे तुकडे सोडून देण्याचा उपदेश केला, तेव्हा कित्येकांस ते पोटावर पाय देणे वाटले असेल. परंतु हजारो घरांनी तो मानिला. ख्रिस्ती झाल्यावरही आमच्यातील कित्येक घराण्यांनी गावकीचे काम व त्याबरोबरचे हक्क पुढे अनेक वर्षे सोडिले नव्हते, ही गोष्टही येथे कबूल केली पाहिजे. अशी कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने नाहीशी करण्याचा अधिनियम मुंबई राज्यात १९५८ साली झाला. त्यापूर्वीच ज्यांनी ती आपण होऊन टाकिली त्यांनी एक सुरक्षित भाकर सोडून बेभरवशाची मजुरी पत्करिली. पदार्थ करण्याची जशी परंपरा असते तशी न करण्याचीही असते. मात्र ती पाकपुस्तकात लिहिता येत नाही आणि काचेच्या भांड्यात वाढिता येत नाही, म्हणून ती आपणांस दिसत नाही.

मराठी शास्त्रात आणि प्रभूच्या प्रार्थनेत 'भाकर' हा शब्द आहे, त्याचा विचार त्या दिवशी आम्ही प्रथमच नीट केला. आजींची आई दिवसा दारोदार भाकर मागे आणि सायंकाळी, गुडघे टेकून, स्वर्गातील पित्याजवळ भाकर मागे. शब्द तोच. परंतु एका मागण्यात मनुष्य उंबऱ्याबाहेर उभा असतो, दुसऱ्यात घरातले लेकरू असतो. बेथलेहेम ह्या नावाचा अर्थ भाकरीचे घर असा आहे हे पुष्कळ पाळक नाताळच्या उपदेशात सांगतात, आम्हीही सांगितले आहे. ज्या बाईने पाटी जाळून नाताळची भाकर भाजिली तिला तो अर्थ कोणी शिकविला नसावा.

आता कोणी म्हणेल की, मग मुलीने गप्प बसावे, केक खावा आणि मागचे विसरून जावे, असेच तुमचे मत झाले काय? नाही. इस्राएल लोकांच्या दोन निरनिराळ्या आठवणी शास्त्रात आहेत आणि दोन्ही जेवणाच्याच आहेत. एक कडू भाजीची, जिचा उल्लेख वर आला. दुसरी गणनाच्या अकराव्या अध्यायातली: रानात मान्ना खाऊन कंटाळलेले लोक मिसरातील मासे, काकड्या, खरबुजे, कांदे व लसूण ह्यांच्या आठवणीने रडू लागले. देश तोच, गुलामगिरी तीच. परंतु पहिल्या आठवणीत ती गुलामगिरी जिभेस कडू लागते आणि दुसरीत चवदार. जुने अन्न पुन्हा शिजविताना आपण ह्यांपैकी कोणते करीत आहो हे पाहिले पाहिजे. कोथिंबीर पेरून, छायाचित्र काढून, आमचेही काही खास होते असे जगास दाखविणे हे आम्हांस दुसऱ्या प्रकारच्या जवळ जाणारे वाटते, हेतू कितीही निर्मळ असो. मुलीच्या मनात असे काही नव्हते हे आम्ही जाणतो. तरीपण ज्याला कधी उपाशी राहावे लागले नाही त्याच्या हातून ही चूक फार सहज होते, आणि तीत आम्ही स्वतःसही धरितो.

वल्हांडणाच्या विधीतील आणखी एक गोष्ट आम्ही पहिल्या वेळी विसरलो होतो. तेथे मूल विचारिते आणि वडील सांगतात. त्या विधीचा अर्थ काय, हा प्रश्न मुलाकडून यावयाचा आहे. मुलाने वडिलांपुढे ताट ठेवून तुमच्या दुःखाचा अर्थ हा, असे सांगावयाचे नाही. बाकीचा विधी कालांतराने बदलला. आरंभी ते भोजन कमर बांधून, पायांत जोडे घालून, हाती काठी घेऊन घाईघाईने करावयाचे होते. प्रभूच्या काळी लोक ते टेकून बसून, स्वस्थपणे करीत, कारण गुलाम उभ्याने खातो आणि मोकळा मनुष्य टेकून बसतो. सन ७० मध्ये यरुशलेमेतील मंदिर पडले आणि यज्ञाचे कोकरूही बंद झाले. इतके सारे बदलून तो सण राहिला, आणि मुलाचा प्रश्नही राहिला.

अन्नाच्या बाबतीत दुसऱ्याच्या मनावर जोर करू नये हा धडा पुणे शहरास नवा नाही. १८९० साली पंच हौदांच्या मिशनमध्ये एका सभेनंतर चहाबिस्किटे दिली गेली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी केवळ पेला हाती धरिला. परंतु पुढे नावे वर्तमानपत्रात छापली गेली, शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, चौकशी बसली, आणि रानड्यांसारख्या पुरुषाने प्रायश्चित्त घेतले. एका पेलाभर चहासाठी! ह्यावर हसणे सोपे आहे. परंतु त्याच सुमारास पंडिता रमाबाईंनी आपले शारदासदन मुंबईहून पुण्यास आणिले, आणि स्वतः ख्रिस्ती असूनही तेथील हिंदू विधवांस आपल्या जातीच्या रीतीप्रमाणे स्वयंपाक करून जेवण्याची मोकळीक ठेविली, हेही ध्यानात ठेवावे. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रां'त लिहिले आहे की, ख्रिस्ती झालेल्या पतीकडे परत आल्यावरही कित्येक दिवस त्यांनी आपले अन्नपाणी वेगळेच ठेविले होते. पुढे त्यांचे मन आपोआप पालटले आणि १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. रेव्हरंड टिळकांनी त्यांच्या ताटात बळेच काही वाढिले असते तर 'स्मृतिचित्रे' हा ग्रंथ निराळाच झाला असता. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलाने हीच रीत घालून दिली आहे. अन्नावरून भावाचे मन दुखवावयाचे नाही. मुलीने आजीचे मन जिंकण्यापूर्वी ताट पुढे केले. आम्हीही, आजींशी एक शब्द न बोलता, त्यांच्याविरुद्ध निकाल दिला.

ह्या गोष्टीचा एक भाग मात्र आम्हांस अजून टोचतो, आणि तो आजींचा नव्हे, आपला आहे. नाताळच्या सायंकाळी आपल्या पुष्कळ घरांतून काय होते ते पाहा. पाहुणे गेले, बिर्याणी उरली, केकचे कोपरे उरले. दुसऱ्या दिवशी सकाळी धुणेभांडी करणारी बाई येते. तिला ते उरलेले प्लास्टिकच्या पिशवीत घालून दारातच दिले जाते, आणि देणाऱ्या बाईस आपण मोठा दानधर्म केला असे वाटते. कित्येक घरी तिचा चहाचा पेलाही वेगळा आहे. हे ज्यांच्या घरी चालते त्यांतील काहींच्या आज्या पाटी घेऊन फिरल्या आहेत! ज्यांनी मागचे कधी सांगितले नाही त्यांच्या मुलांस ती पिशवी पाहून काही आठवावे कसे? येथे आम्ही त्या मुलीच्या बाजूचे आहो. सांगितलेच पाहिजे. मेजवानीस कोणाला बोलवावे हे प्रभूने लूकच्या चौदाव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे, आणि त्यात उरलेसुरले पोहोचविण्याची गोष्ट नाही. बोलावून बसविण्याची आहे. ह्या उपदेशावर नाताळपूर्वीच्या रविवारी आम्ही दोनतीनदा बोललो आहो. मंडळी शांतपणे ऐकते. आमच्या स्वतःच्या घरीही त्याप्रमाणे पूर्णपणे होत नाही, हे लिहिताना हात अडखळतो.

तेव्हा त्या भगिनीस आम्ही पुन्हा पत्र लिहिले आणि पहिले उत्तर मागे घेतले. मुलीस असे कळविले की, तुझा प्रश्न खरा आहे, परंतु तो चुलीवर न ठेविता आजींपाशी बसून विचार. त्या सांगतील तेवढेच घे. त्या 'पुरे' म्हणतील तेथे थांब. काय शिजवावे हे त्यांस ठरवू दे. आणि त्यांनी ज्याचे नाव काढू नको म्हणून सांगितले ते काढू नको, त्यांच्या मागेसुद्धा.

ह्या महिन्यात भगिनीचे उत्तर आले. उन्हाळ्यापासून आजी व नात रोज दुपारी थोडा वेळ बसतात. आजींनी गावाचे नाव लिहू देण्यास नकार दिला आहे. कोणत्या घरून भाकर येई आणि कोणत्या घरून शिव्या, हे सांगितले आहे, पण वहीत उतरू दिलेले नाही. ते वाळलेले तुकडे घरात पुन्हा शिजावयाचे नाहीत. आत्याबाईंस हे पसंत नाही. आपण सांगितलेल्या पदार्थाचा अपमान झाला असे त्यांचे म्हणणे आहे आणि त्या ह्या वर्षी येतील की नाही ते निश्चित नाही. नाताळच्या दुपारी बिर्याणीपूर्वी प्रत्येकास बाजरीची ताजी भाकर, लसणाची चटणी आणि गूळ एवढे वाढावयाचे, प्रार्थना आजींनी करावयाची, आणि भांडी घासणाऱ्या बाईंस व त्यांच्या दोन मुलांस त्याच पंक्तीस बोलवावयाचे, असे ठरले आहे. बाईंनी अद्याप होय म्हटलेले नाही, त्या संकोचतात. भाकरी थापण्याचे काम नातीकडे आहे. तिच्या भाकरीस अजून कडेला चिरा जातात, आणि गॅसवरच्या गुळगुळीत तव्यावर त्या फुगतही नाहीत, म्हणून आजींनी जुन्या धाटणीचा जाड लोखंडी तवाच पाहिजे असा हट्ट धरिला आहे. बोहरी आळीत त्याचा शोध चालू आहे.